उणे एकशे शहाण्णव

टार्टूच्या प्रयोगशाळेत मारिका
नळीत कोळसा भरते. दलदलीतल्या पीटचा,
चिमूटभरच; पण आतल्या छिद्रांच्या भिंती
अंथरल्या तर एक टेनिस कोर्ट झाकेल.

द्रव नायट्रोजनमध्ये नळी बुडते.
वायू येतो, भिंतींना बिलगतो,
दाबाचा काटा खाली, आणखी खाली.

मग ती नळी बाहेर काढते.
नुसती खोलीची ऊब,
आणि रेणू सुटायला लागतात,
कुणी हाकललेलं नसताना.

हेल्दुरही असाच.
फिनलंडमधली बांधकामं गोठली की घरी,
भिंतीला पाठ लावून बसतो, न बोलता.
एप्रिलात नदीवरचा बर्फ तडकला
की बॅग भरतो.

मारिका वहीत आकडा लिहिते.
कोळसा तोच.
वजन सुरुवातीइतकंच,
चौथ्या दशांशापर्यंत.