व्हाझाचा ट्रान्सफॉर्मर

बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्याला चार भोकं.
व्हॉल्व्ह दोन, रिओनीकाठच्या जुन्या बाजारातले,
एकाच्या काचेवरचा आकडा पुसलेला.
विकणारा म्हणाला, चालेल रे नुक्री, आईची शपथ.

ट्रान्सफॉर्मर मात्र व्हाझाच्या टीव्हीतला.
वर्ष सरल्यावर लामाराने तो जिन्यात आणून ठेवला:
"ने. पण माझ्यासमोर उघडू नकोस."

रात्री बाराला शेवटचा डाग दिला.
राळेचा धूर डोळ्यांत.
बटण दाबून हात मागे घेतला,
तीनशे व्होल्ट ओळखदेख ठेवत नाहीत.

आधी काहीच नाही.
मग काचेत निखारा धरला,
राखेखाली उरतो तेवढा,
आणि गाण्याच्या आधी घरघर आली.
अर्थिंगची तार हलवली, डबा ठोकला, शिवी हासडली.
घरघर तशीच.

नवा कपॅसिटर हातात घेतला, तेवढ्यात दार वाजलं.
लामारा. खांद्यावर कोट, पायात त्याच्या सपाता.
"बातम्यांआधी अस्साच यायचा आवाज.
मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, बंद कर ते खोकं."
खुर्ची ओढून बसली.

रेकॉर्ड लावायची राहूनच गेली.

कपॅसिटर अजून खिशात आहे,
किल्ल्यांबरोबर वाजतो.