तिसरा सिलिंडर

झेन खोकायला लागली ती दांडेकर पुलावर,
दुसऱ्या गिअरला, मागून टेम्पो अंगावर येताना.
सोमवार पेठेतल्या बोळात इद्रिसने
बॉनेटला टेकू लावला, वायरी उपटल्या,
चार प्लग काढून कालच्या पेपरवर
ओळीने मांडले आणि प्रत्येकाखाली
पेनने आकडा घातला.

मला बरं वाटलं ते बघून.
रास्ता पेठेतल्या लॅबमध्ये
एकवीस वर्षं मी हेच करतेय.
आधी लेबल, मग नमुना.

"एक, दोन, चार बघा ताई,
चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग.
एकदम निरोगी."
तिसरा त्याने बोटांत फिरवला.
काळा, ओला, टोकाशी तेलाची साय.
"ह्याचा रिपोर्ट चांगला नाही."

हे वाक्य मी रोज पाकिटात घालून
चिकटवून देते.
तोंडाने कधी म्हणत नाही.

"प्लग बदलून भागेल?"
"भागेल. बरं नाही होणार.
रिंगा झिजल्यात, तेल वर चढतंय.
इंजिन खोलायचं तर
गाडीपेक्षा खर्च मोठा."
सिगारेटच्या पाकिटावर त्याने दोन नंबर लिहून दिले.

नाना पेठेत मुफद्दलभाईंचं दुकान
म्हणजे एका जिन्याखालची जागा.
छताला फॅनबेल्ट लोंबणारे,
आणि बसायला ऑइलचा डबा.
काचेवर त्यांनी तीन खोकी ठेवली:
साधा, प्लॅटिनम, इरिडियम.
इरिडियमचं टोक आमच्या बारक्यात बारक्या सुईसारखं,
पुठ्ठ्याच्या नळीत झोपवलेलं.
"लाखभर किलोमीटर बघायला नको."
मग चष्म्यावरून:
"गाडी किती दिवस ठेवणार?"

हा प्रश्न ओळखीचा आहे.
रिपोर्ट घ्यायला आलेले लोक
खिडकीच्या गजाला धरून तो विचारतात,
गाडीबद्दल नाही,
आणि मी म्हणते, डॉक्टरांना विचारा.

इथे डॉक्टर नव्हते.
आरटीओने हरित कर घेऊन
एकोणतीस सालापर्यंत मुदत दिलीय.
भाचा म्हणतो, आत्या, भंगारात दे, बावीस हजार येतील.
आणि मी वर्षाला तीन हजार किलोमीटर चालवते,
लॅब, घर, कधी शनिवारी सासवड.
लाखाला तीन हजाराने भागलं. तेहतीस.
पन्नासात मिळवले.
"मी त्र्याऐंशीची होईन," म्हटलं.
मुफद्दलभाई हसले नाहीत,
हिशोबाला हसायचं नसतं.
इरिडियम गुपचूप खोक्यात गेलं.

"साधेच द्या. तीन."
"चारचा सेट असतो."
"चौथा एक नंबर गरम हवाय."
त्यांनी पाकीट उलटं करूनही वाचलं.
"एका इंजिनात दोन जातीचे? कोण म्हणालं?"
"इद्रिस."
"सोमवार पेठ?"
"हो."
"त्याचा बापही असलंच करायचा."

गरम प्लग आपल्यावरचं तेल आपणच जाळतो,
इद्रिसने सांगितलं होतं.
अंगात ताप धरून बसतो एकटा,
शेजारच्या तिघांना पत्ता नसतो.

मुफद्दलभाईंनी सेट फोडला,
पुटपुटत फोडला,
उरलेला प्लग खणात टाकला,
"पडून राहू दे, येईल कुणीतरी," म्हणाले,
आणि मला वीस रुपये जास्त लावले.

परत बोळात.
इद्रिस पात्याने फट मोजतोय,
एक डोळा मिटून, ठोकतोय हळूच, पुन्हा मोजतोय.
तिसऱ्याची पाळी आली तेव्हा म्हटलं, मी लावते.
"आधी हाताने, ताई. पाना नंतर.
आटे धरले की कळतं."
कळलं.
नस सापडते तेव्हाही असंच कळतं,
बोटाला आधी.

चावी फिरवली. दोनदा नुसतीच घुरघुर,
मग लागली. एका लयीत नाही अगदी,
पण शेजारणीने खिडकी लावून घ्यावी
इतकीही वाईट नाही.
"वर्षाने काढून बघू," इद्रिस हात पुसत म्हणाला.

पर्समध्ये लॅबचा मार्कर होता.
बॉनेटच्या आतल्या बाजूला,
जिथे पुढच्या माणसाला दिसेल तिथे,
तारीख घातली,
आणि खाली लिहिलं:
क्र. ३ वेगळा आहे. मुद्दाम.