दोन मिनिटांचा निरोप

पहाटे तीनला मी पीठ भिजवते तेव्हा
खाडीपलीकडे टॉर्किल्डची रात्रपाळी संपत आलेली असते.
त्याच्याकडे तीन मजली पोलादी टाक्या,
माझ्याकडे आजोबांच्या वेळची लाकडी परात.
दोन्हींत फुगतं ते एकच खमीर.
माझं पाव फुगवतं.
त्याचं, जनुकांत थोडी फेरफार करून शिकवलेलं,
भुकेचं औषध घडवायला हात लावतं.

कालुंडबोर्गमध्ये आता हसतात आम्हाला:
बायको भरवते, नवरा आवरतो.
हसू देत.
गिऱ्हाईक तुटलं तेव्हा दुकानाचं भाडं
त्याच्याच पगारातून गेलं.

डॉक्टर इंगेलिसनं माझी साखर बघितली,
गुडघे बघितले, मग कागदावर एक दार काढलं.
जेवलं की आतडं निरोप धाडतं, म्हणाली: पुरे.
स्वादुपिंडात, मेंदूत, पेशीपेशीच्या दाराला
त्या एका निरोप्यासाठी कडी लावलेली असते.
तो येतो, कडी वाजवतो,
आणि दोन मिनिटांत रक्तातच विरतो.
मी म्हटलं, बाई,
माझ्या पोटात कावळे एवढे ओरडतात,
कडी ऐकू कुणाला येणार?
म्हणाली, हा त्याच निरोप्याचा चिवट भाऊ.
आठवडाभर उंबऱ्यावरून हलत नाही.

शुक्रवारी सुई. केसाएवढी, पोटाच्या वळीत.
पहिले पंधरा दिवस
वेलदोड्याच्या वासानं भडभडून यायचं.
बेकरीत, मी! वेलदोड्याला!
टॉर्किल्ड ट्रे बाहेर नेऊन ठेवायचा
आणि माझ्याकडे न बघता परत यायचा.

मग एका मंगळवारी
मोडका बन काउंटरवर तसाच राहिला.
दुपार झाली, तरी तसाच.
चाळीस वर्षांत मी मोडका बन विकला नाही,
टाकला नाही, मागे ठेवला नाही.
पाहत राहिले त्याच्याकडे,
ओळखीचं माणूस समोरून
न बोलता निघून जावं तसं.

कावळे गेले होते.
आणि मागे जे उरलं
त्यात पहिल्यांदाच नीट ऐकू आलं
की इतकी वर्षं ओरडत कोण होतं.

आई रेशनच्या कुपनांवर वाढलेली.
शिळा काळा पाव बिअरमध्ये शिजवायची,
ताट बोटानं पुसून घ्यायला लावायची.
उद्याचं कुणी पाहिलंय, आज खा, बोडिल.
लग्नातही तेच. इस्पितळात नळ्या असतानाही
माझ्या हातातल्या सफरचंदाकडे बोट: खा.
तिचा निरोप आला तेव्हा मी भट्टीसमोर होते.
पाव आत होते.
दोन मिनिटं थांबले, जळतील म्हणून.
तेवढीच.

आता बारा किलो उतरलेत.
पाच मनोऱ्यांच्या चर्चपर्यंतचा चढ
मधे बाकावर न बसता चढते.
साखर मऊ झालीय, डॉक्टर खूश आहे.
मीही आहे, खोटं कशाला बोलू.
औषध थांबलं तर कावळे परततील,
हेही तिनं आधीच सांगून ठेवलंय,
वीजबिलाची तारीख सांगावी तसं.

मी आता चव घेते ती कामापुरती.
पीठ कधी झालं ते जीभ नाही,
तळहात सांगतो.
राय थोडी कडवट निघते हल्ली.
कुणी तक्रार केलेली नाही.

गेल्या शुक्रवारी सुई लांबवली.
मुद्दाम, एकच दिवस.
टॉर्किल्डला सांगितलं नाही.
त्याच्या सदऱ्याला खमिराचा वास, माझ्या केसांना तोच.
अंधारात आम्हा दोघांना
एकमेकांपासून वेगळं सांगता आलं नसतं.
मी पोटावर हात ठेवून जागी.

दोनच्या सुमारास काहीतरी हललं.
ओरडलं नाही. इतकं हळू,
की आई असेल,
किंवा नुसता वायू.

तीनला उठले.
फ्रिजमधून पेन काढलं,
दिव्याखाली धरून आकडा जुळवला,
टोचलं.
मग हात धुऊन परातीकडे वळले.
पीठ वर आलेलं होतं.