चावायचं नाही

साल्मियातून बस सुटली साडेआठला.
यादी माझ्याकडे : तेवीस जण, माणशी नऊ दिनार,
म्युझियम, जेवण, चॉकलेट, सगळं धरून.
(पाध्येबाईंकडून येणं बाकी.)

आधी ते घर. लढाईत पडलं तसंच ठेवलेलं.
दारात रणगाडा, त्याच्या साखळीच्या सावलीत मांजर झोपलेलं.
पोरांनी विचारलं, खरा आहे का हा?
गाईड म्हणाला, खरा.
मग पोरं जरा लांब उभी राहिली.

सगळे फोटो काढून पुढे गेले.
धामणस्करकाका न्हाणीघरापाशीच थांबले,
फुटक्या फरश्या बघत,
भाव विचारायचा नसलेल्या गिऱ्हाइकासारखे.
"काका, बस."
"आमची निळी होती," ते म्हणाले. "फरशी."

जेवायला माचबूस, परातीएवढ्या ताटात.
शाकाहारी सात, मी दोनदा बजावलं होतं,
तरी भातात हाडाचा तुकडा निघालाच
आणि लिमयेवहिनींनी तो रुमालाखाली सारला
पाहुण्यांसमोर पडलेल्या पालीच्या शेपटासारखा.

चॉकलेटच्या दुकानात थंडी एवढी की पदर लपेटून घेतले.
रोवेना नावाची मुलगी, हातात पांढरे मोजे :
चावायचं नाही. जिभेवर ठेवा. वाट बघा.
आधी वेलची येईल, मग खजूर, केशर सगळ्यात शेवटी.
बावीस जिभा वाट बघत होत्या,
एवढी शांतता आमच्या मंडळानं श्रद्धांजलीलाही पाळलेली नाही,
आणि काकांच्या दाढेखाली
कडकन.

हसलो आम्ही. तेही हसले.

परतताना, माझ्या शेजारी, पण खिडकीला सांगावं तसं :
"नव्वद साली हवल्लीत एका खोलीत दोघे.
मी आणि थॉमसकुट्टी.
बिस्किटांचा शेवटचा पुडा मी न्हाणीघरात खाल्ला,
नळ सोडून, आवाज जाऊ नये म्हणून.
नळाला पाणीच नव्हतं,
हे पुडा संपल्यावर लक्षात आलं."

बस सिग्नलला थांबली.

"बाहेर आलो तर म्हणाला, मिशी पूस."

मी यादी काढली. तेवीस. परत मोजले.
पाध्येबाई मागून म्हणाल्या, सुटे नाहीत गं, उद्या देते.
काकांजवळ मोठा डबा होता, चोवीस नगांचा,
फीत न सोडलेला.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.
साल्मिया येईपर्यंत त्यांनी तो
डोक्यावरच्या एसीच्या झोतात धरून ठेवला,
हात बदलत, बदलत.