एक सूत

अर्जात दोन रकाने होते.
मेजर : संख्याशास्त्र.
मायनर : संगीत. क्रेडिट चार.
लोहार केतकी धोंडीराम.
पालकाची सही करताना बाबांनी विचारलं,
"मायनर म्हंजे बारकं काय गं?"
व्हय, बारकंच.
"मग असू दे. बारक्याला कितीसं खायला लागतंय."
पेन खिशाला लावून ते उद्यमनगरात गेले,
दुसऱ्या पाळीला.

महिनाभर गाणं नाहीच.
मोमीन सर म्हणतात, लावा. उतरवा. लावा.
सागरमाळावरनं वारा येतो,
खिडकीखाली मोर ओरडतो,
आणि माझा खर्ज मुका.
वाजतो, पण बोलत नाही.
"जवारी बंद आहे. सूत सरकव जरा."
किती, सर?
"ते बोटाला विचार."
पुढचा तास प्रमाण विचलनाचा होता.
तिथं सगळ्याला किती असतं.

रात्री ताटावर हे सांगितलं
तर बाबांचा घास रश्श्यातच थांबला.
"एक सूत म्हंजे इंचाचा आठवा भाग.
तुझ्या सरांचं केवढं?"
शिवायच्या दोऱ्याएवढं.
आणि ते मोजत नाहीत.
बाबा हसले नाहीत.
अठ्ठावीस वर्षं लेथवर,
डावा कान मशीननं कधीच नेला,
उजवा अर्धा.
बेरिंग जाणार हे ते आता
हेडस्टॉकवर तळवा ठेवून सांगतात,
मालकाच्या मीटरच्या आधी दोन दिवस.

फी भरायला आले तेव्हा
चपला दाराबाहेर काढून,
हात पँटला पुसून
विभागात उभे राहिले.
सर म्हणाले, या की, बसा.
मी तारा छेडल्या.
दोरा सरकवला, केसभर.
परत छेडल्या.
बाबांना ऐकू आलं नसावं.
ते वाकले,
भोपळ्यावर तळवा टेकला,
डोळे मिटले,
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
मी हात थांबवला नाही.

मग सरांना म्हणाले,
"आता बरोबर फिरतंय.
ह्याला ग्रीस काय घालता?"
ग्रीस नाही, सर म्हणाले. खडू.
खुंटी घसरू नये म्हणून.

बाबांनी वरच्या खिशात हात घातला.
जॉबवर खुणा करायचा,
तेलानं काळा पडलेला,
नखाएवढा उरलेला तुकडा.

"हा चालंल?"