आवाजाची चाचणी

कॅमेऱ्यासाठी बर्फ अजून पांढरा हवा, म्हणाले.
म्हणून विद्यापीठाच्या रिंकवर
ऑर्विलने रंगाचे तीन हात दिले,
वर पाण्याचा पातळ थर, पुन्हा थर.
नवे दिवे इतके प्रखर
की बाकांवर कोरलेली जुनी नावं
उघडी पडल्यासारखी दिसली.

सातव्या रांगेतल्या चार खुर्च्या काढल्या.
तिथे आता तिवई.

कठड्यात पुरलेले माइक
रात्री अकराला तपासत होती डॅग्नी,
बाहेर गाडीत, डुलुथची उणे एकवीस,
कानांवर हेडफोन.
यंत्राची घरघर. मग तीही थांबली.
आणि म्हाताऱ्याचा आवाज, अगदी कानाशी:
"उद्या तडकू नकोस रे बाबा.
लोक बघणार आहेत."

पातळी ठीक, तिने नोंदवलं.
मग फाइलला नाव काय द्यावं
यावर बराच वेळ
अडून बसली.