पन्नास सायकल

दिवसभर मी वाजेदभाईंच्या दुकानात मोटारी भरतो.
पाणबुड्या, चक्क्या, एखादा कूलर.
तांब्याचे वेढे मोजता मोजता एकदा कळलं,
गिटारीच्या पिकअपमध्येही हेच असतं :
लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तार.
म्हणून हा पिकअप माझ्या हातचा आहे.
सहा हजार दोनशेव्या वेढ्याला तार तुटली. जोडली.
पुन्हा तुटली.
म्हटलं, बास, हाच त्याचा आवाज.

रात्री साडेदहाला, मंठा नाक्याच्या मागं,
माझा स्टुडिओ उघडतो.
म्हणजे कपाटाचं दार उघडतं.
अयोध्याच्या साड्या आवाज पितात,
रेशमी कमी, सुती जास्त.
दाराला वाकळ, खिडकीला पोतं,
जुन्या रेडिओचा स्पीकर स्टुलावर,
आणि त्याच्यासमोर गव्हाच्या डब्यात रोवलेला माइक,
कारण गहू थरथरत नाही.
रेकॉर्डिंगची पेटी एका बँडवाल्या पोराकडून घेतली,
त्याचं लग्न ठरलं होतं.
तिचं एक बटण फिरवलं की खोकतं.

पण रेकॉर्ड दाबलं की सगळ्यांत आधी येतो घूं.
मी वाजवायच्या आधी,
मी थांबल्यानंतरही.
वायरी बदलल्या. न्हाणीमागं खड्डा खणून
मीठ-कोळशाची अर्थिंग दिली, वर बादलीभर पाणी.
वाजेदभाई म्हणाले,
"दहाच्या मोटारीलाबी एवढी देत नाहीस रे."
घूं तसाच.
खुर्ची फिरवत बसलो तेव्हा सापडलं :
तोंड गल्लीतल्या डीपीकडं, की जास्त.
तोंड भिंतीकडं, की कमी.
आता घरात गिटारीलाही एक दिशा आहे.

या महिन्यात नवं शिकायलो.
बेअरिंगचं जुनं बुश, ग्रीस पुसून,
करंगळीत घातलं की तारेवर घसरतं.
पट्ट्या खाली राहतात
आणि मधला सगळा रस्ता ऐकू येतो.
सा आणि रे यांच्या मध्ये एवढी वस्ती आहे
हे मला छत्तिसाव्या वर्षी कळावं!
पहिले आठ दिवस नुसतं मांजर.
अयोध्या म्हणाली, "काहून रडवायलात तिला?"

मग एका रात्री घूंशी भांडण सोडलं.
पाचवी तार सैल केली, अजून थोडी,
दोघांमधली ती लाट, वँव वँव,
लांबत गेली, लांबत गेली,
आणि बसली.
पन्नास सायकलच्या दुप्पट, शंभरावर.
बाकीच्या तारा तिच्या मागं लावल्या.
कुठल्याच पुस्तकात नसलेला
महावितरणचा षड्ज.

अण्णा एकवीस वर्षं रोलिंग मिलमध्ये क्रेनवर होते.
डावा कान तिथंच राहिला.
त्यांच्या डोक्यावर मी हेडफोन चढवला.
डावीकडं ठेवली होती घसरती गिटार,
उजवीकडं नुसता घूं.
अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले. चार मिनिटं.
बोटानं मांडीवर कसलातरी ठेकाही धरला.
"चांगलं हाय," म्हणाले,
"पण गाणं कवा सुरू होतं?"

त्या रात्री डावं-उजवं मोडून
सगळं मधोमध आणलं.

आज दुसरा टेक. अण्णा हेडफोन लावून पलंगावर,
मी भिंतीकडं तोंड करून.
बुश बाराव्या पट्टीवरून खाली येत होतं
आणि लाइट गेली.
लॅपटॉप बॅटरीवर, चालूच.
स्पीकर मेला, घूं मेला,
तार उरली, बरगड्या दिसाव्यात अशी.
मी थांबलो नाही. का, माहीत नाही.
अंधारात गव्हाच्या डब्याला पाय लागला,
अयोध्या स्वयंपाकघरातून, "बॅटरी कुठं ठेवली?"
आणि अण्णा, एका कानाच्या माणसाच्या मोठ्या आवाजात,
"मिल बंद पडली का रे?"

सगळं आलंय त्यात.
खोडलं नाही.
फाइलचं नाव दिलं : लाइट गेली, दोन.